पॉवर स्टेअरिंग ऑइल बदलल्यावर आठ महिने, माझा अनुभव (इनोव्हा, डिझेल)

गाडी २०१२ ची, रत्नागिरीजवळ गावात असते. आमच्या घरापर्यंतचा रस्ता म्हणजे दोन्हीकडे जांभ्याचे गडगे आणि मध्ये जेमतेम गाडी जाईल एवढी जागा, रिव्हर्स घेताना स्टेअरिंग पूर्ण फिरवावंच लागतं. गेल्या वर्षी तिथेच पहिल्यांदा कण्हल्यासारखा आवाज यायला लागला आणि सकाळी स्टेअरिंग जड. मेस्त्रींनी बघून सांगितलं ऑइल कमी आहे, आणि एका बाटलीतलं हिरवं ऑइल ओतून दिलं, वर लिहिलेलं 'सगळ्या गाड्यांना चालतं'. आठवडाभर बरं वाटलं, मग आवाज आधीपेक्षा जास्त.

मग मी मॅन्युअल काढून वाचलं, जे आधीच करायला हवं होतं. त्यात स्पष्ट आहे, एटीएफ डेक्सरॉन टू किंवा थ्री. म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल, गाडी मॅन्युअल असली तरी. हिरवं ऑइल काही जर्मन गाड्यांना लागतं, होंडाचं त्यांचं स्वतःचं वेगळं. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनी घालते, बाटलीवरचं स्टँडर्ड वाचा. आणि हो, डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं स्टँडर्ड, त्यांनी डेक्सरॉन थ्रीचं लायसन्स देणं २००६ नंतर बंद केलंय, त्यामुळे आता बाटलीवर 'डेक्सरॉन थ्रीच्या जागी चालेल' असंच काहीतरी लिहिलेलं मिळतं, तेच घ्यायचं.

फेब्रुवारीत बदललं. मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून टाकी रिकामी केली, जे निघालं ते काळपट, बोटांत चोळलं तर जळका वास. नवीन भरलं, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवलं, चार दिवस गाडी चालवली, परत तेच. असं तीनदा केल्यावर पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर स्वच्छ लाल दिसला. टाकीतून एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, पाइप आणि रॅकमध्ये (स्टेअरिंगचा चाकं वळवणारा भाग) बरंच राहतं, म्हणून एकदाच बदलून सोडू नका.

एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाटातून कोल्हापूरला सात-आठ फेऱ्या झाल्या, वळणावर वळण, उन्हात इंजिन तापलेलं, तरी स्टेअरिंग एकदाही जड झालं नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर होतो तेव्हाही आवाज नाही. पावसाळ्यात लेव्हल थोडी खाली गेली, कोल्डच्या खुणेपर्यंत भरून घेतली. थंड इंजिनवर हॉटच्या खुणेपर्यंत भरू नका, गरम झाल्यावर ऑइल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं.

एक गोष्ट मात्र सुधारली नाही. डाव्या बाजूच्या रॅक बूटवर (रॅकच्या टोकाचं रबरी कव्हर) ओल दिसते ती तशीच आहे, सील गेलंय, ते ऑइलने भरून येणार नाही. गळती थांबवणारं केमिकल टाका असा सल्ला मिळाला, मी नाही टाकलं, ते रबर फुगवून तात्पुरतं काम करतं आणि मला हे ऑइल परत खराब करायचं नव्हतं. सील किट दिवाळीनंतर बदलणार आहे.

ब्रेक ऑइल मात्र चुकूनही टाकू नका, सगळी सीलं जातील. आणि स्विफ्ट, अल्टोवाल्यांनी आधी टाकी आहे का ते बघा, इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर त्यात ऑइल नसतंच, माझ्या मेव्हण्याने त्याच्या गाडीसाठी एक बाटली विकत आणून ठेवली होती ती शेवटी मीच वापरली.