ठुशी: सोन्याची की चांदीवर मुलाम्याची?

भाचीचं लग्न मिरजेत. ठुशीपायी, म्हणजे गळ्यालगतच्या मण्यांच्या दागिन्यापायी, सांगलीच्या सराफ कट्ट्यावर तिचे तीन हेलपाटे झालेत.

२२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, मोडीला भाव येतो. पण पोकळ मण्यांत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असेल तर तिचं वजन आधी वजा करून घ्यायचं. लाखेला सोन्याचा भाव कशाला?

चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरीची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली ठुशी खिशाला सोसते. मात्र मानेच्या घामाने मागचे मणी आधी पांढरे पडतात. माझे दोन वर्षांत पडले, पुन्हा पाणी चढवावं लागलं. मागचा दोऱ्याचा गोंडा दोन्हींचा झिजतोच, दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडची फेरी चुकत नाही.

रोज घालायची, अडीनडीला मोडायची तर सोन्याची. चार सणांना नऊवारीवर मिरवायची तर चांदीची. उरल्या पैशांत बुगड्या बघ म्हटलं.