रोल कॉलचा कट्टा ओस पडलाय, तरी नाव नोंदवावं का?

आधी निकाल सांगून टाकतो. अलास्का, भूमध्य समुद्र किंवा बारा दिवसांहून लांबची क्रूझची सफर असेल तर जरूर नोंदवा. तीन-चार रात्रींची फेरी असेल तर त्या वेळात बॅगा भरा.

रोल कॉल म्हणजे एकाच जहाजाने, एकाच तारखेला निघणाऱ्या प्रवाशांनी आधीच ऑनलाइन जमायची जागा. यातला सगळ्यांत नावाजलेला कट्टा क्रूझ क्रिटिक या संकेतस्थळावरचा. हे संकेतस्थळ १९९५पासून चालू आहे आणि २००७मध्ये ते ट्रिपअ‍ॅडव्हायझरकडे गेलं. मांडणी साधी आहे: आधी कंपनी, मग जहाज, मग निघायच्या तारखेचा धागा, म्हणजे त्या फेरीबद्दलच्या पोस्टींची रांग. पैसे पडत नाहीत. तुमच्या तारखेचा धागा नसेल तर तुम्हीच उघडायचा. एके काळी मोठ्या सफरीचा धागा शंभर-शंभर पानं चालायचा. आता कित्येक धागे 'आम्ही दोघं येतोय, अजून कोण?' एवढ्यावरच थांबलेले दिसतात, आणि खाली उत्तर नसतं.

लोक फेसबुकवर गेले, असं कारण नेहमी सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. गट जमायचा तो मुळात पैसे वाचवायला. गप्पा हा वरकड नफा होता. याचा सगळ्यांत मोठा दाखला सेंट पीटर्सबर्गचा. बाल्टिकच्या फेऱ्यांत जहाज तिथे बहुधा दोन दिवस थांबायचं. क्रूझच्या प्रवाशाला व्हिसाशिवाय ७२ तास मुभा होती, पण परवानाधारक सहल कंपनीबरोबर फिरायची अट होती. जहाजाच्या सहलीत बसभर माणसं. बाहेरच्या कंपनीकडे छोटी व्हॅन, आणि डोकी वाढली की माणशी दर उतरायचा. त्यामुळे सात-आठ अनोळखी जोडपी वर्षभर आधीपासून एकमेकांच्या संपर्कात असायची. २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, क्रूझ कंपन्यांनी ते बंदर वगळलं आणि बाल्टिकच्या धाग्यांचा कणाच मोडला. स्टॉकहोम किंवा कोपनहेगन पायी नि मेट्रोने पाहता येतं. तिथे अनोळखी माणसं जमवण्याचा खटाटोप कोण करेल?

इतर बंदरांत हेच झालं, फक्त हळूहळू. पूर्वी गाडी अख्खी घ्यावी लागायची. आता बऱ्याच ठिकाणी एक-एक जागा ऑनलाइन विकत मिळते. त्यात जहाजं फुगली. २०२४मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी. एवढ्या गर्दीत तीस जणांचा गट म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत हरवलेली बिल्डिंगमधली मंडळी. जेवणाच्या वेळा, शो, सहली सगळं कंपनीच्या अ‍ॅपवर आधीच नोंदवता येतं, त्यामुळे 'तिथे कसं असतं हो?' हा प्रश्नही आता माणसाला विचारावा लागत नाही.

बाकीचे पर्याय बघू.

फेसबुकवर माणसं आहेत, पण शिस्त नाही. एकाच फेरीचे दोन-तीन गट निघतात आणि खरा कुठला हे कळेपर्यंत महिना जातो. मजकूर तारखेने न लागता फेसबुकच्या मर्जीने लागतो. म्हणून 'टॉवेल मिळतात का' हा प्रश्न बाराव्यांदा येतो आणि व्हॅनमधल्या दोन रिकाम्या जागांची सूचना खाली गाडली जाते. गट चालवणारा कधीकधी एजंट असतो. ओळखायची खूण सोपी: दुसऱ्या सहल कंपनीचं नाव लिहिलं की ती पोस्ट गायब होते. मात्र डिस्नीच्या जहाजाने मुलांना घेऊन जाणार असाल तर फेसबुकला पर्याय नाही. तिथे केबिनच्या दाराशेजारी धातूचा मासा किंवा तसाच एखादा आकार असतो. त्याला कप्प्यांची कापडी पिशवी लटकवायची आणि गटातल्या केबिननी एकमेकांच्या पिशवीत छोट्या भेटी टाकायच्या, याला 'फिश एक्स्टेंडर' म्हणतात. बहुधा आठ-दहा केबिनचा एक गट पाडतात आणि नावनोंदणी निघायच्या काही आठवडे आधी बंद होते. बोर्डिंगच्या आठवड्यात विचारलंत तर जागा नसते. आपल्याकडची भेट द्यायची तर मण्यांची कीचेन किंवा छोटी वारली चित्रं चालतात. खाऊ मात्र टाळा; कुणाला कशाची अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आपल्या लोकांच्या बोटावर बसलेलं, म्हणून तिथे गट सगळ्यांत लवकर उभा राहतो. १,०२४ माणसं मावतात. पण प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि चार दिवसांनी 'शुभ सकाळ'च्या फुलांतून बंदराचा पत्ता शोधत बसावं लागतं. खरी गोची समुद्रावर होते. जहाजाचं वायफाय घेतलं नसेल तर गट मुका. फोन एअरप्लेन मोडवर टाकला नाही तर तो जहाजावरचं मोबाइल नेटवर्क पकडतो, आणि त्याचं रोमिंग बिल सहलीपेक्षा जास्त लक्षात राहतं. मुंबई-पुण्याच्या सहल कंपनीबरोबर जात असाल तर टूर मॅनेजरचा गट पुरे. त्याच फेरीचा दुसरा कुठलाही गट शोधू नका. दोन ठिकाणी दोन वेळा येतात आणि आजी-आजोबा भलत्याच दारापाशी उभे राहतात.

कंपन्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये निरोपांची सोय असते. डिस्नी आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या जहाजांवर ती फुकट आहे आणि वायफाय पॅकेज न घेताही चालते. आपल्याच चार केबिनमध्ये 'जेवायला निघालो' हे कळवायला ती झकास. पण ती जहाजावर चढल्यावर, आणि आधीच ओळख असलेल्यांसाठी. अनोळखी माणूस तिच्यातून सापडत नाही.

आता जुन्या कट्ट्याचा उपयोग नेमका कुठे उरलाय ते पाहू.

पहिली जागा अलास्कातलं जूनो. तिथे व्हेल दाखवणाऱ्या बोटी ऑक बेवरून सुटतात; जहाजाच्या धक्क्यापासून ते अंतर सुमारे २० किलोमीटर. मोठ्या बोटींची तिकिटं कुठेही मिळतात. पण अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमानुसार तपासणी-दाखला नसलेल्या छोट्या बोटीत पैसे देणारे जास्तीत जास्त सहाच प्रवासी घेता येतात. म्हणून सहा जणांची अख्खी बोट भाड्याने देणारे कप्तान तिथे आहेत. सहा जण, रेलिंगला गर्दी नाही, व्हेल दिसला की थांबायला मोकळीक. चौघांचं कुटुंब असेल तर उरलेल्या दोन जागा भरायला रोल कॉलसारखी सोय नाही. मुलाकडे सिअ‍ॅटलला किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आलेल्या आई-वडिलांना अलास्का दाखवायची पद्धत आता पडलीच आहे. अशा घरांना तर हे तंतोतंत बसतं.

दुसरी जागा इटलीची बंदरं. चिविताव्हेक्कियापासून रोम सुमारे ८० किलोमीटर, लिव्होर्नोपासून फ्लॉरेन्स सुमारे ९०. गाडीचं भाडं डोक्यावर नसतं, गाडीवर असतं. समजा आठ आसनी व्हॅन दिवसाला ६४० युरो. आठ जण असतील तर माणशी ८०. दोघांनी आयत्या वेळी टांग मारली की उरलेल्यांना १०७. तिघं गळले तर १२८. भांडणं इथेच होतात. टांग मारणाराही दर वेळी वाईट माणूस नसतो. बऱ्याच क्रूझ कंपन्यांत पूर्ण पैसे भरायची मुदत निघण्याच्या तीनेक महिने आधी असते, आणि त्या तारखेपर्यंत बुकिंग रद्द करायला फारसं लागत नाही. लोक वर्षभर आधी हौसेने बुक करतात, गटात नाव देतात आणि मुदत आली की निघून जातात, गटाला न सांगता. म्हणून नावं केव्हाही गोळा करा, पण पक्की यादी ही मुदत उलटल्यावरच करा. आगाऊ रक्कम ज्याने त्याने थेट सहल कंपनीला भरावी. कुणा एकाच्या खात्यात गोळा केलेले पैसे मैत्री टिकू देत नाहीत. आठाची गाडी असेल तर दोन नावं प्रतीक्षा यादीत ठेवा.

सहल कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. जहाज त्या बंदराला लागलंच नाही तर पैसे परत मिळतात का? माणसं कमी झाली तर दर कोणता? आणि जहाजावर परत आणून सोडायची वेळ कोणती? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. जहाज स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबतं, तुमच्या व्हॅनसाठी थांबत नाही. शेवटच्या चढायच्या वेळेच्या निदान दीड-दोन तास आधी धक्क्यावर पोचायचं ठरवा. ग्रीसमधलं सांतोरिनी, फ्रान्समधलं व्हिलफ्रांश अशा बंदरांत जहाज धक्क्याला न लागता समुद्रात थांबतं आणि टेंडर या छोट्या बोटीने किनाऱ्यावर उतरावं लागतं. तिथे जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, तेव्हा गटाची भेटायची वेळ तासभर पुढेच धरा.

नोंदणी करताना तारीख आकड्यांत लिहू नका. ५/१० म्हणजे आपल्याला पाच ऑक्टोबर, अमेरिकनाला दहा मे. महिन्याचं नाव लिहा. केबिनचा नंबर उघड धाग्यात देऊ नका, आणि बुकिंग नंबर तर कुणालाच नाही. तो नंबर, आडनाव आणि जन्मतारीख एवढ्यावर काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये तुमचं बुकिंग परक्याला जोडून घेता येतं. बॅगेच्या टॅगचा हौशी फोटोही त्याच यादीत. गावाचं नाव, 'घरातले सगळेच चाललोय' आणि तारीख ही तीन वाक्यं एकत्र लिहिली की ते चोराला आमंत्रण झालं.

सगळ्यांत धोकादायक सल्ला मिळतो तो कागदपत्रांचा, आणि तो चांगल्या मनाने दिलेला असतो. 'पासपोर्ट कशाला, जन्मदाखला चालतो' हे अमेरिकन नागरिकांचं खरं आहे, आणि तेही त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीपुरतं. भारतीय पासपोर्टवाल्याला ते लागू नाही. सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या अलास्काच्या बहुतेक फेऱ्या एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि त्या काही तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा हवा. शिवाय अमेरिकेत परतायचं म्हणजे तिथला व्हिसा बहुधा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. ग्रीनकार्डधारकाला वैध पासपोर्ट आणि कार्डावर कॅनडाचा व्हिसा लागत नाही. म्हणून एकाच घरातल्या चौघांचे नियम वेगळे असू शकतात. हा प्रश्न गटात विचारूच नका, क्रूझ कंपनीला आणि वकिलातीला विचारा.

भेटण्याबद्दल थोडं. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी या कंपन्या रोल कॉलवर पुरेशी नावं आली की लाउंज, कॉफी-बिस्किटं आणि एखाद-दोन अधिकारी द्यायच्या. आता ते गृहीत धरू नका, निघण्याआधी कंपनीला ईमेल करा. नसेल तर स्वतः ठरवा: समुद्रावरचा पहिला पूर्ण दिवस, सकाळी दहा, जहाजाची वेळ, बारचं नाव, डेक, आणि पुढची बाजू की मागची. 'पूलपाशी भेटू' हा पत्ता होत नाही, पूल तीन असतात. पहिली संध्याकाळ टाळा. कित्येकांच्या बॅगा आलेल्या नसतात. वीस नावांतून दहा आली तरी सभा यशस्वी समजावी.

अटलांटिक ओलांडणाऱ्या किंवा पनामा कालव्याच्या लांब फेऱ्यांत हे गट अजून जिवंत आहेत, कारण समुद्रावरचे दिवस ढीगभर आणि प्रवासी निवृत्त. उलट, मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या दोन ते पाच रात्रींच्या फेऱ्यांना रोल कॉलची गरज नाही. तिथे माणूस स्वतःचंच वऱ्हाड घेऊन चढतो.

गुण द्यायचे तर: माहितीसाठी क्रूझ क्रिटिकला पाचपैकी चार, माणसं भेटण्यासाठी दोन. फेसबुकला दोन्हींसाठी अडीच, डिस्नी असेल तर चार. व्हॉट्सअ‍ॅपला दोन, तेही गट वीसच्या आत असेल तर.

माहितीला चार कशाबद्दल, तर जुन्या धाग्यांबद्दल. फेरी झाली की फेसबुकचा गट विस्मरणात जातो, पण रोल कॉलचा धागा तारखेसकट जागेवर राहतो आणि शोधता येतो. आपल्याच जहाजाचा, त्याच महिन्यातला, गेल्या वर्षीचा धागा उघडा आणि शेवटच्या पानापासून मागे वाचत या. परत आलेले लोक तिथे लिहून ठेवतात: कुठला ड्रायव्हर वेळेवर आला, व्हॅन कुठल्या फाटकाशी उभी होती, जहाज कुठल्या धक्क्याला लागलं. हा धक्का मोलाचा. अलास्कातल्या केचिकानमध्ये नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीची जहाजं २०२१पासून गावापासून सुमारे ११ किलोमीटर दूर वॉर्ड कोव्हला लागतात आणि तिथून शटल बसने गावात यावं लागतं. जूनोत एजे धक्क्याला लागलात तर गावाच्या मध्यावर यायला दीडेक किलोमीटर चाल. गटाची भेट साडेआठला गावात ठेवली असेल तर आधी हे बघा आणि वेळ सव्वानऊ करा.