छातीचे माप वाढवून देणाऱ्यांविषयी

माझा व्यवसाय शिवणकामाचा असून त्यातही वर्दी शिवण्याचे काम माझ्याकडे अधिक असते. पोलीस, होमगार्ड, बँकांचे सुरक्षारक्षक अशा माणसांच्या छातीला टेप लावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. कोल्हापुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना ‘छाती वाढवून देतो’ असे सांगून पैसे कसे काढले जातात, हे माझ्या भाच्याच्या निमित्ताने मला जवळून पाहायला मिळाले. गावाकडून पोटाला चिमटा काढून मुलांना शहरात ठेवणाऱ्या पालकांना ते कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. व्यायामशाळेचे नाव लिहिणार नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. शिवाय ही पद्धत एकाच ठिकाणी चालते असेही नाही.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि पूर्ण श्वास घेतल्यावर ती आणखी किमान ५ सेंटिमीटरने वाढावी लागते. या मापात जो बसत नाही, त्याला धावण्याची आणि गोळाफेकीची संधीच मिळत नाही. माझा भाचा राधानगरी तालुक्यातला. सोळाशे मीटर धावण्यात तो पक्का होता, गोळाही बरा फेकत असे, पण अंगाने काटकुळा. मी स्वतः घेतलेले त्याचे माप न फुगवता साडेसत्त्याहत्तर आणि फुगवून बरोबर ८२ होते. म्हणजे दोन्हीकडे थोडे थोडे कमी. दीड सेंटिमीटरसाठी वर्ष वाया जाईल, या भीतीने मुलाची झोप उडते, आणि अशी झोप उडालेली मुले या शहरात किती आहेत, हे त्या व्यायामशाळेच्या मालकाला नेमके ठाऊक होते.

त्यांचे पत्रक अभ्यासिकेच्या दारातच वाटले जात होते. ‘९० दिवसांत छाती ५ सेंटिमीटरने वाढवा, अन्यथा पूर्ण पैसे परत’ असा त्यावर ठळक मजकूर होता. तीन महिन्यांचे खास प्रशिक्षण १८,००० रुपये. माझी बहीण आणि मेहुणे यांनी उसाच्या बिलातून ती रक्कम दिली. मी सोबत गेलो, तेव्हा प्रशिक्षक मला म्हणाला, ‘‘काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. पोरगं तीन महिन्यांत दारातनं आडवं जाईल.’’ भिंतीवर भरती झालेल्या मुलांची छायाचित्रे चौकटीत लावलेली होती. त्यांतल्या एका शिपायाची पहिली वर्दी मीच शिवलेली होती, आणि ती शिवली तेव्हा ही व्यायामशाळा सुरूही झालेली नव्हती. पुढे त्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला की उद्घाटनाच्या वेळी फुकट व्यायामाला बोलावले होते, तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी छापलेल्या होत्या, आणि सारी मेख तिथेच होती. हजेरी ९५ टक्के हवी. आहारपूरक पावडर व्यायामशाळेतूनच घ्यावी, अन्यथा हमी रद्द. आणि तिसरी अट अशी की ‘सुरुवातीचे व अखेरचे माप केंद्राचे प्रशिक्षक घेतील व तेच अंतिम समजले जाईल.’ ज्याने पैसे परत द्यायचे, त्यानेच टेप धरायचा आणि त्यानेच निकाल द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. पैसे भरल्यावर तिथल्या तिथे माप घेतले गेले. प्रशिक्षकाने भाच्याला पूर्ण श्वास सोडायला सांगितले आणि टेप छातीच्या भरीव भागावरून न नेता चांगला तीन बोटे खाली, बरगड्यांवरून फिरवला. नोंदवहीत साडेशहात्तर लिहिले गेले. मी हटकले, तर ‘आमची हीच पद्धत’ असे उत्तर मिळाले. सुरुवातीचा आकडा जितका लहान, तितकी पुढची वाढ मोठी दिसते, हा त्यामागचा हिशेब.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. छातीचा मोठा स्नायू गळपट्टीच्या हाडापासून व छातीच्या मधल्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला जोडलेला असतो. बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे), तिरक्या बाकावरचा प्रेस, डंबेल फ्लाय, डिप्स आणि आपल्या तालमीतले जोर, या सगळ्यांत तो काम करतो. मात्र त्याला ताण दिल्यानंतर भरून यायला साधारण दोन दिवस लागतात, म्हणून जाणकार माणूस आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा छातीचा व्यायाम देतो आणि वजन हळूहळू चढवतो. इथे भाच्याकडून रोज बेंच प्रेस करून घेतला जात होता, कारण सगळ्या मुलांना एकच तक्ता दिलेला होता. पहिल्या काही आठवड्यांत त्याने उचलायचे वजन झपाट्याने वाढले आणि तो हरखून गेला. प्रत्यक्षात सुरुवातीची ही वाढ बहुतांशी मज्जासंस्थेच्या सरावाची असते. स्नायू आपले तंतू एकत्र कामाला लावायला शिकतो, जाडी नंतर आणि सावकाश येते. शिवाय टेपमध्ये छातीइतकीच पाठ मोजली जाते. पाठीच्या रुंद स्नायूंचा व्यायाम त्या तक्त्यात जवळजवळ नव्हताच. फुगवून होणारी वाढ तर बरगड्यांच्या हालचालीवर आणि श्वासाच्या सवयीवर अवलंबून असते, तिला बेंच प्रेसचा फारसा उपयोग नाही. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद हे सगळे ऐकून एवढेच म्हणाले की जोर मारताना श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा हे शिकवायला आम्ही कधी पैसे घेतले नाहीत.

पावडरीचा डबा ४,२०० रुपयांचा. असे दोन डबे घ्यावे लागले आणि दोन्हींचे बिल मिळाले नाही, कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. डब्यावर पिळदार दंडाचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘प्रोटीन’ असे होते. मागची घटकांची यादी वाचली, तर पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, म्हणजे डब्यात सर्वांत जास्त भरणा स्टार्चपासून केलेल्या या स्वस्त भुकटीचा होता. अन्न परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. या डब्यावरचे अंक मी बोट ठेवून मोजले, ते तेराच भरले. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे साठ किलोच्या मुलाला शंभर ग्रॅमच्या आतच. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास, आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेल्या म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधात अठरा-वीस ग्रॅम. ज्या शहरात पैलवान दूध आणि बदामाच्या थंडाईवर वाढले, तिथे मुलांनी साखरेच्या जातीची भुकटी हजारो रुपयांना विकत घ्यावी, याचा मला आजही संताप येतो.

दुसरा महिना संपत आला, तेव्हा प्रशिक्षकाने त्याला प्लास्टिकच्या छोट्या पिशवीतून गुलाबी गोळ्या दिल्या. पाकीट नाही, पट्टी नाही, नाव नाही. ‘‘भावा, आयुर्वेदिक हाय, घरात सांगायची गरज न्हाई,’’ असे तो म्हणाल्याचे भाच्याने नंतर सांगितले. काही आठवड्यांतच त्याच्या दोन्ही स्तनाग्रांमागे दुखरी गाठ आली. कपड्याचा स्पर्शही सहन होईना, तेव्हा त्याने मामीला सांगितले. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. गोळ्यांचे नावच नसल्यामुळे त्यांत काय होते हे खात्रीने सांगता येणार नाही, पण अशा मुलांमध्ये हे लक्षण स्टेरॉइडमुळे, म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी घेतलेल्या पुरुषी संप्रेरकाच्या औषधामुळे, आलेले आपण पाहतो, असे डॉक्टर म्हणाले. बाहेरून घेतलेल्या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग शरीरात स्त्री संप्रेरकात बदलतो आणि त्यामुळे पुरुषाच्या छातीतही स्तनाची ऊती वाढू शकते. शरीराचे स्वतःचे संप्रेरक तयार करणे मंदावते. तोंडाने घ्यायच्या अनेक स्टेरॉइडांचा यकृतावर भार पडतो, तो वेगळाच. गोळ्या तत्काळ बंद केल्या. गाठ हळूहळू उतरली, तरी पूर्ण गेलेली नाही. ज्या मुलाला स्नायूची छाती हवी होती, त्याच्या छातीत वाढले ते हे. आम्ही उरलेल्या गोळ्या पिशवीसकट जपून ठेवल्या.

एवढे झाल्यावर त्याने जाणे बंद केले असते, पण ठरलेली मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते आणि हजेरीच्या अटीमुळे पैसे बुडण्याची भीती होती. अखेरच्या मापाच्या दिवशी दुकान बंद करून मी सोबत गेलो. आधी त्याच्याकडून बेंच प्रेस आणि फ्लाय भरपूर वेळा करून घेतले. व्यायामाने स्नायूंत रक्त भरले की ते काही काळ फुगलेले राहतात आणि मग पूर्ववत होतात. भरतीच्या मैदानावर पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या उमेदवाराला ही सोय नसते. नंतर ‘कोपरे थोडे बाहेर काढ’ असे सांगितले, त्यामुळे पाठ पंख्यासारखी पसरली, आणि अर्धा श्वास आत असतानाच टेप लावला. आकडा ८१. नोंदवहीत ‘वाढ साडेचार सेंटिमीटर’ असे लिहून प्रशिक्षक म्हणाला, अर्ध्या सेंटिमीटरचा आग्रह कशाला धरता?

मला मात्र टेप धरण्याची त्याची तऱ्हा खटकत होती. आमच्या कामात टेपचे टोक अंगठा आणि तर्जनीमध्ये उघडे धरतात, कारण टोकाची पत्र्याची पट्टी दिसली पाहिजे. तिथूनच शून्य सुरू होते. त्याने टोक मुठीत लपवलेले होते. मी टेप मागितला, त्याने खिशात घालायला सुरुवात केली, आणि तिथे दोन-चार पालक उभे होते म्हणूनच तो माझ्या हातात आला. टोकाला पट्टी नव्हती. कात्रीने सरळ कापलेली कड होती आणि तिच्याशेजारी छापलेला पहिला आकडा होता २. दोन सेंटिमीटर कापून टाकलेल्या टेपने कोणाचीही छाती दोन सेंटिमीटरने वाढते. सुरुवातीला वापरलेला टेप पिवळा होता, हा पांढरा होता. मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले. दुकानात आल्यावर भाच्याला तासभर बसवून ठेवले आणि माझ्या टेपने नेहमीच्या पद्धतीने माप घेतले. न फुगवता ७८ भरली. तीन महिन्यांची खरी वाढ अर्धा सेंटिमीटर.

पैसे परत मागितल्यावर मालकाने पावतीची मागची बाजू पुढे केली. ‘‘काका, सही तुमच्याच पोराची हाय की,’’ एवढेच त्याचे म्हणणे. मग ओळखीच्या वकिलांकडून नोटीस पाठवली. त्यांनी जे समजावून दिले, ते इतरांच्या उपयोगाचे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि एकतर्फी अटींवर सही घेतली म्हणून त्या अटी बंधनकारक ठरतीलच असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पावडर आणि गोळ्यांचा विषय वेगळा असून तो अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत येतो. तिथे आम्ही डबा आणि गोळ्या दाखवून लेखी अर्ज दिला आणि पोहोच घेतली.

नोटीस गेल्यावर मालकाने माणूस पाठवून ९,००० रुपये देऊ केले, अट अशी की ‘तक्रार नाही’ असे लिहून द्यायचे. मेहुण्यांनी नकार दिला. उपचाराचा खर्च धरून पूर्ण रकमेची तक्रार आता आयोगापुढे आहे. भाचा सध्या पहाटे तालमीत जातो, जोर, सपाट्या आणि पाठीचा व्यायाम करतो. त्याचे माप आता मी दर महिन्याला, सकाळी व्यायामाआधी, त्याच एका टेपने घेतो. त्या व्यायामशाळेत पैसे भरलेली आणखी मुले माझ्या दुकानात येऊन गेली. त्यांतल्या बहुतेकांकडे पावतीची पुढची बाजूच मोबाइलवर होती. अटी मागच्या बाजूला असतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे छायाचित्र ठेवावे, पैसे रोख न देता खात्यावरून द्यावेत आणि पहिल्या मापाच्या वेळी वापरलेल्या टेपचाही फोटो घ्यावा. एकाच प्रकारे फसवल्या गेलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि आमच्या वकिलांनी त्या मुलांचे कागद त्यासाठी मागवून घेतले आहेत.