चाव्या दोन, गाडी गेली तिसरीने

एकतीस वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात काढली. सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट, जामीनदाराची सही... खोटा कागद मला वासावरून कळतो, असं निरोप समारंभात भाषणात म्हणालो होतो. लोक हसलेही होते. 2025च्या जानेवारीत माझी गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून गेली. त्या व्यवहारातला एकही कागद खोटा नव्हता. म्हणूनच हे लिहायला बसलोय, कारण माझ्यासारखी कागदांवर भिस्त ठेवणारी माणसं बरीच आहेत.

गाडी सेकंडहँड घेतली होती. 2021चं मॉडेल, पेट्रोल, ऑटोमॅटिक, बटण स्टार्ट, नाशिक पासिंग. ऑनलाइन जाहिरात बघून फोन केला, तर पस्तिशीचा एक मुलगा गाडी घेऊन पुण्यात सिंहगड रोडला आमच्या दारातच आला. बोलायला गोड. "काका, गाडी भाऊजींची आहे. घरची, फर्स्ट ओनर. त्यांनी मोठी घेतली, म्हणून ही काढतोय." मी लगेच भुललो नाही. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडी काढून पाहिली. नाव, चेसिस नंबर, विम्याची मुदत, पीयूसी, चलनं, सगळं पाहिलं. जुन्या कर्जाचा बोजा उतरला होता, बँकेची एनओसी होती. भाऊजींना व्हिडिओ कॉल केला, आधार कार्ड हातात धरायला लावलं. त्यांनी हसत धरलं. गाडी सर्व्हिसिंगला जिथे जायची तिथून जुनी बिलं मागवली, किलोमीटरचा आकडा जुळवला. 8 लाख 35 हजारांना सौदा ठरला आणि पैसे मी आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात आरटीजीएस केले, मधल्याच्या हातात एक रुपया दिला नाही. फॉर्म 29, फॉर्म 30, ट्रान्सफर, सगळं रीतसर. आरसी नावावर झाल्यावर सहाव्या दिवशी विमाही नावावर करून घेतला. चौदा दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. मला होतं.

चाव्याही मोजून घेतल्या. दोन रिमोट, दोन्ही ओरिजिनल. दोन्ही हातात घेऊन गाडी उघडून, चालू करून पाहिली. तो मुलगा बाजूला उभा राहून म्हणाला, "काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं की बरं वाटतं." मला ती स्तुती वाटली.

गाडी घरी आल्यावर चोविसाव्या दिवशी पहाटे गेली.

सोसायटीचं फुटेज मी इतक्या वेळा पाहिलंय की आता डोळे मिटून सांगू शकतो. 4 वाजून 12 मिनिटं. पेपरवाल्या पोरांसाठी छोटं गेट उघडं असतं, तिथून कानटोपी घातलेला एक माणूस आत येतो. इकडेतिकडे बघत नाही. गाडीपासून दहा पावलांवर असतानाच दिवे दोनदा लुकलुकतात आणि मिटलेले आरसे कुत्र्याच्या कानांसारखे उघडतात. गाडीने त्याला ओळखलं! काच नाही फोडली, तार नाही तोडली, हॉर्न नाही वाजला. तो बसतो, सीट थोडी मागे घेतो आणि निघतो. दिवे लुकलुकल्यापासून गाडी हलेपर्यंत 38 सेकंद. गेटवर वॉचमन उठतो, आडवा दांडा वर करतो आणि सलाम ठोकतो. त्याला विचारलं तर बिचारा म्हणाला, "साहेब, काचेवर सोसायटीचं स्टिकर होतं ना. मला वाटलं, जावईबापू निघाले."

मला जाग साडेसहाला. फोनवर फास्टॅगचा मेसेज, खेड शिवापूर टोल, 4 वाजून 47 मिनिटं. माझ्याच पैशाने टोल भरून गाडी साताऱ्याच्या दिशेने गेली होती. पुढच्या आनेवाडीच्या टोलचा मेसेज काही आला नाही. तेवढ्यात टॅग खरवडून टाकला असणार, किंवा गाडी हायवे सोडून कुठे आत वळली असणार.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी फुटेज पाहून एकच वाक्य उच्चारलं, "काका, ही चावीने नेलीय." मी तिरमिरलो. एक चावी चौथ्या मजल्यावर गोदरेजच्या कपाटातल्या तिजोरीत, दुसरी लेकीकडे ठाण्याला. त्याच दिवशी दोन्ही नेऊन टेबलावर ठेवल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303खाली चोरीचा गुन्हा नोंदला, फसवणुकीचं 318 मागाहून लागलं. त्या गोड मुलाचा फोन पहाटेपासून बंद.

खरा प्रकार उलगडला तो आमच्या भाच्यामुळे. तो चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. संध्याकाळी घरी आला, फुटेज पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, गाडीत किती चाव्या नोंदलेल्या होत्या?"

म्हटलं, "दोन. हातात मोजून घेतल्या."

"हातातल्या नाही हो. गाडीतल्या."

ही गोष्ट मला बासष्टाव्या वर्षी कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर्वीची चावी दातेरी धातूची, कुलपात बसली की झालं. आताच्या चावीत एक चिप असते आणि गाडीच्या आत एका छोट्या संगणकात यादी असते, या या चिपांना ओळखायचं. बटण दाबलं की गाडी चावीला खूण विचारते, बरोबर उत्तर आलं तरच इंजिन चालू होऊ देते. ती यादी वाढवता येते. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याशी एक सॉकेट असतं, ओबीडी म्हणतात. मेकॅनिक बिघाड शोधायला यंत्र लावतो तेच. त्यातूनच नवी चावी यादीत चढवतात. खरोखर चावी हरवलेल्याला नवी करून देणारे कारागीर हेच यंत्र वापरतात, त्यात बेकायदा काही नाही. गाडी आठवडाभर ज्याच्या ताब्यात, त्याला तिसरी चावी करायला एक दुपार पुरते. आणि गाडी बाहेरून काही सांगत नाही. आरसीवर चाव्यांचा रकाना नसतो.

आता भाऊजींचं ऐका. पोलिसांनी नाशिकला फोन लावला तेव्हा ते गृहस्थ हादरलेच. तो मुलगा त्यांचा मेहुणाबिहुणा कोणी नव्हता. त्यांनीही ऑनलाइन जाहिरात दिली होती, तेव्हा हा येऊन म्हणाला, मी गिऱ्हाईक आणून देतो, गाडी आठ दिवस दाखवायला द्या, तुम्हाला हव्या त्या किमतीच्या वर जे येईल ते माझं. पार्टीचा फोन आला तर मी मेहुणा आहे म्हणा, डीलर म्हटलं की लोक भाव पाडतात. त्यांना ते पटलं, कारण ते खरंच आहे! माझे पैसे त्यांच्या खात्यात आले, आपले ठेवून वरचे 40 हजार त्यांनी त्याला रोख दिले. म्हणजे त्या पोराने आधी दलाली घेतली आणि मग गाडी घेतली.

आणखी एक. या गाडीत सिमकार्ड असतं आणि कंपनीचं ॲप असतं. गाडी कुठे उभी आहे ते फोनवर दिसतं, दारं उघडता-लावता येतात, काही गाड्यांत एसीसुद्धा घरबसल्या चालू होतो. भाऊजींना तो म्हणाला होता, "ॲप बंद करून टाकतो, ओटीपी सांगा." त्यांनी सांगितला. ॲप बंद झालं नाही, त्याच्या नंबरवर गेलं. पूर्वी या धंद्यातले लोक गाडी विकताना सीटखाली जीपीएस चिकटवून ठेवायचे म्हणे. आता तो खर्चही वाचला, माझी गाडीच रोज रात्री त्याला पत्ता सांगत होती.

आणि इथे दोष माझा. पहिल्या सर्व्हिसिंगला काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "काका, ॲप तुमच्या नावावर करून देऊ का?" मी म्हणालो, "नको, ते झेंगट नको मला."

त्या मुलाचा फोनही आला होता, गाडी घेतल्यावर बारा-तेरा दिवसांनी. "काका, काही त्रास नाही ना? घाटात कशी वाटली?" म्हटलं, मस्त. बायकोला, सुलभाला कौतुकाने सांगितलंही, बघ, विकून झाल्यावरही चौकशी करतो. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो होतो. घाटात गेल्याचं मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

भाचा मला धीर द्यायला जगभरच्या गोष्टी सांगत होता. धीर कसला, झोप उडाली. चावी घरात असतानाही गाडी नेतात. एक जण दाराशी पेटीसारखं यंत्र घेऊन चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीपाशी तो पोचवतो, गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे. जर्मनीतल्या वाहनचालकांच्या एडीएसी या संघटनेने 2016मध्येच अनेक कंपन्यांच्या गाड्या अशा उघडून, चालू करून दाखवल्या होत्या. 2022मध्ये लंडनमध्ये तर एका टोयोटाचा बंपर आणि हेडलाइट चोरांनी आधी ओढून पाहिला आणि काही दिवसांनी गाडीच गेली. शोध लागला तेव्हा कळलं, हेडलाइटची वायर गाडीच्या आतल्या जाळ्याला जोडलेली असते, तिथूनच ते ‘खरी चावी आली आहे’ असा निरोप आत सोडतात. त्यासाठीचं यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जात होतं. आणि गाडी कोणाची? गाड्यांच्याच सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या माणसाची. अमेरिकेत उलटा प्रकार, ह्युंदाई आणि किआच्या 2011 ते 2021च्या कित्येक गाड्यांत चिपचं कुलूपच नव्हतं आणि पोरंटोरं यूएसबी वायरच्या टोकाने त्या चालू करत होती. मी म्हटलं, "अरे, मग माझी बाबांची लॅम्ब्रेटाच बरी होती." तो म्हणाला, "ती ढकलत नेली असती, मामा."

विम्याचं सांगतो. पॉलिसी माझ्या नावावर असल्याने दावा दाखल झाला. पण कंपनीने नेमलेला तपासनीस घरी येऊन दोन तास बसला. चहा घेतला आणि विचारलं, "काका, सध्या पैशाची काही अडचण?" काच फुटलेली नाही, चाव्या मात्र दोन्ही मालकाकडे, म्हणजे त्याच्या हिशेबात मीच कोणाला तरी गाडी दिली. कर्जदारांना हाच प्रश्न याच सुरात मी किती वेळा विचारला असेन! दुसऱ्या बाजूने तो कसा लागतो ते त्या दिवशी कळलं. सुलभा आतून आली आणि म्हणाली, "अहो, फुटेज दाखवा ना त्यांना, टोलचा मेसेज दाखवा." ते दोन पुरावे नसते तर काय झालं असतं कोण जाणे.

पोलिसांची ‘ए समरी’ लागते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा अहवाल कोर्टाने मान्य केलेला. त्याला सात महिने गेले. मिळणार तेही आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, 6 लाख 90 हजार, त्यातून हजार रुपये सक्तीची वजावट. बाकीचा दीड लाखाच्या आसपासचा खड्डा माझा. एक अधिकारी म्हणाले, अशी गाडी सहसा त्या रूपात राहतच नाही. अपघातात पूर्ण मोडलेल्या त्याच मॉडेलचे कागद भंगारवाल्याकडून घेतात, तो चेसिस नंबर हिच्यावर ठोकतात आणि दुसऱ्या राज्यात कोणी माझ्यासारखाच कागद तपासून विकत घेतो.

तेव्हा सेकंडहँड गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि विचारा, यादीत किती चाव्या आहेत. बऱ्याच गाड्यांत तो आकडा यंत्रावर दिसतो. दिसो वा न दिसो, सगळ्या पुसून हातातल्या तेवढ्याच पुन्हा चढवायला सांगा. त्या वेळी सगळ्या चाव्या सोबत हव्यात, घरी राहिलेली मग चालणार नाही. विकणारा कुरकुरला तर समजून जा. ॲपचा मालक म्हणून तुमचाच नंबर लागलाय हे काउंटरवर उभं राहून बघा, तोंडी ‘केलंय’वर जाऊ नका. एनसीआरबी म्हणजे गुन्ह्यांची देशभरची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेवर इंजिन आणि चेसिस नंबर टाकून गाडी चोरीची नाही ना तेही बघा. चावीसाठी सिग्नल अडवणारा बटवा मिळतो, पण घेतल्यावर चावी त्यात घालून गाडीपाशी जाऊन दार ओढून पाहा, काही बटवे नुसते शोभेचे असतात. आणि स्टिअरिंगला लावायचा तो जुना लोखंडी दांडा. मी आता तोच लावतो. सोसायटीतली तरुण मुलं हसतात.

ॲपबद्दल एक राहिलं. आपली गाडी विकतानाही ओटीपी सांगू नका. नाशिकच्या त्या गृहस्थांना अजून जबाबासाठी पुण्याला फेऱ्या माराव्या लागतात. येतात तेव्हा घरी जेवायला असतात, आता ओळखच झालीय.

परवा विमा कंपनीत शेवटचे कागद दिले. बाँड, आरसी, फॉर्म, आणि दोन्ही चाव्या. टेबलापलीकडच्या मुलाने त्या पाकिटात घातल्या, सील केलं आणि पावती पुढे सरकवली. त्यावर लिहिलं होतं, ‘गाडीच्या एकूण चाव्या : 2’. मी पेन हातात धरून थांबलो. तो म्हणाला, "काही चुकलंय का, काका?"

नाही म्हटलं आणि सही केली.