व्ही अँड ए म्युझियमचं दागिन्यांचं दालन: खड्यांची मागची बाजू बघायला जा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या दागिन्यांच्या दालनात बहुतेक लोक हिऱ्यांपाशी गर्दी करतात. मी सराफाच्या घरातली, कोंदणकाम शिकलेली. मला खिळवून ठेवलं ते 1540 ते 1560 च्या दरम्यान इंग्लंडमध्ये घडवलेल्या एका पदकाने. मिनाकाम केलेलं सोनं, त्यात एक गोमेद, एक पेरिडॉट आणि खाली लोंबणारा नीलम. ते मागून उघडं ठेवलंय, म्हणजे खडे थेट छातीच्या कातडीला टेकणार. शिवाय त्यावर फेफऱ्यापासून वाचवणारा मंत्र कोरलाय.

आमच्याकडे राशीच्या अंगठीची ऑर्डर देताना गिऱ्हाईक आधी हेच सांगतं, "खडा बोटाला लागला पाहिजे हं." त्यासाठी बूड उघडं ठेवून कोंदण करायचं, आणि तरी खडा पक्का बसला पाहिजे. त्या अनामिक कारागिराने हेच काम पावणेपाचशे वर्षांपूर्वी केलंय. दागिना नाजूक अजिबात नाही, पण कुणाच्या तरी जिवासाठी केलेला आहे हे बघताक्षणी कळतं. नीलम डोळ्यांना चांगला, रक्तवर्णी ठिपक्यांचा ब्लडस्टोन रक्त थांबवतो, पोवळं लेकरांची दृष्ट काढतं, असा तेव्हाच्या युरोपातला समज होता. पोवळ्याचं वाचून मला आजीचीच आठवण झाली.

त्याच काळातलं 'डॅनी ज्युएल' चुकवू नका. एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून सोन्यात मढवलेला तो तुकडा खरं तर नारव्हाल या समुद्री प्राण्याचा सुळा आहे. त्याचा कीस विषावर उतारा मानत. आणि टोडस्टोनच्या अंगठ्या! बेडकाच्या डोक्यात सापडतो अशी समजूत असलेला तपकिरी, गुळगुळीत खडा, अगदी आपल्या नागमण्यासारखी कथा. प्रत्यक्षात तो लेपिडोटिस या नामशेष माशाचा जीवाश्म झालेला दात.

हे सगळं अडाण्यांचं खूळ होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. फ्लॉरेन्सचा मार्सिलिओ फिचिनो वैद्याचा मुलगा, मोठा विद्वान. 1489 च्या आपल्या ग्रंथात त्याने कोणत्या ग्रहाचं बळ कोणत्या खड्यात उतरतं हे गंभीरपणे मांडलं. त्याचा आश्रयदाता लोरेन्झो द मेदिची 1492 मध्ये मरणपंथाला लागला, तेव्हा वैद्यांनी त्याला मोती आणि रत्नांची पूड घातलेलं औषध पाजलं. तो वाचला नाही. ज्यांना सगळं परवडत होतं त्यांचाही शेवटचा भरवसा खड्यांवरच होता, हे वाचून मला वाईट वाटलं. शंका घेणारेही होते. आपल्या गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये तिथेच छापलेल्या पुस्तकात, हिऱ्याची पूड विष असते ही समजूत खोडून काढली.

प्रवेश मोफत, साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून भुयारी वाट आहे. दालनात तीन हजारांहून जास्त दागिने आहेत, सगळे एका दमात बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. मध्ययुग आणि रेनेसाँची कपाटं आधी गाठा, डोकं ताजं असताना. काचेचा गोल जिना आणि वरचा मजला नंतर. काचेबाहेरूनही चालेल असं छोटं भिंग जवळ ठेवा, आणि प्रत्येक अंगठीकडे बाजूने वाकून बघा: खडा खालून मोकळा आहे का? जिथे असेल, तिथे पाटी नक्की वाचा. कारागिरांना, आणि घरात कुणी राशीचा खडा घालत असेल अशा सगळ्यांना, मी हे दालन मनापासून सुचवते. पाचपैकी पाच.