बंगळूरच्या एचएएल संग्रहालयातील ‘मारुत’ : उद्यमनगरच्या नजरेतून

कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत सूत आणि मायक्रॉन या मापांच्या हिशेबात दिवस घालवणारे आम्ही चौघे केवळ ‘मारुत’ हे एक विमान पाहण्यासाठी बेळगाव, हुबळी, दावणगेरे असा रात्रभर प्रवास करून बंगळूरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) या विमाने बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या संग्रहालयात गेलो, आणि तो प्रवास सार्थकी लागला, हे आरंभीच नमूद करतो.

भारतात रचना होऊन भारतातच घडलेले हे पहिले लढाऊ जेट विमान आहे. ते समोरून पाहून पुढे जाऊ नये. पंखाच्या मागे, बाजूला उभे राहावे. जेथे पंख जोडले आहेत तेथे धड कमरेसारखे आवळलेले दिसते. ही कलाकुसर नव्हे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी राहावा म्हणून पंख आणि धड यांचा एकत्रित छेदाचे क्षेत्रफळ एकदम वाढू न देण्याची ती युक्ती आहे. इतक्या वळणांचा पत्रा साठ वर्षांपूर्वी आपल्या कारागिरांनी बसवला, हे लक्षात आल्यावर आमच्यातील सर्वांत अनुभवी फिटर बराच वेळ तेथून हलले नाहीत.

मारुतचे जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांनी धातूचे विमान उडवण्याआधी त्याच आकाराचे पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर करवून घेतले आणि 1959 मध्ये ते डकोटा विमानाच्या मागे बांधून उडवले गेले. फौंड्रीत ओतकामाआधी लाकडी पॅटर्न तपासणाऱ्या माणसाला ही शिस्त वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पहिला धातूचा नमुना 17 जून 1961 रोजी चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी आकाशात नेला.

धड ज्या वेगासाठी आखले होते, त्या ताकदीचे इंजिन मात्र त्याला कधीच मिळाले नाही. नियोजित ऑर्फियस 12 या ब्रिटिश इंजिनाचा विकास थांबला, त्याचा खर्च उचलण्यास आपले सरकार राजी झाले नाही, आणि प्रत्येकी सुमारे 2,200 किलो जोराच्या दोन ऑर्फियस 703 इंजिनांवर भागवावे लागले. ही उणीव भरून काढण्यासाठी चाललेल्या चाचण्यांतच 1970 मध्ये दास यांना प्राण गमवावे लागले. माझ्या मते इंजिनाचा खर्च न उचलण्याचा तो निर्णय चुकीचा होता, कारण एवढे उत्तम धड हाती असताना इंजिनावर हात आखडण्यासारखी दुसरी महाग काटकसर नाही. तरीही 1971 च्या युद्धात एक इंजिन निकामी झालेली मारुत विमाने दुसऱ्याच्या बळावर तळावर परतली.

एचएएल ही कंपनी 1940 मध्ये मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभी केली, हे मुलांना अवश्य सांगावे. कोल्हापुरातून जाणाऱ्यांनी अर्धा दिवस राखून ठेवावा, आधी इंजिनांचे दालन सावकाश पाहावे आणि मगच बाहेर येऊन मारुतच्या शेपटीकडील इंजिनांच्या दोन नळ्यांसमोर उभे राहावे.