प्रॉमिनंट पतंगांसाठी दिवा: मर्क्युरी घ्यावा की यूव्ही एलईडी?

पावसाळा जवळ आला की रात्री पांढऱ्या पडद्याशी दिवा लावून पतंग, म्हणजे मॉथ, जमवणाऱ्या धुळे-जळगावकडच्या पतंगवेड्या मंडळींत एकच प्रश्न फिरायला लागतो: पडदा झाला, दोरी झाली, आता दिवा कोणता? नुसते पतंग बघायचे असतील तर कुठलाही चालतो. अंगणातली ट्यूबलाइटसुद्धा कोणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. पण ज्यांना नोटोडोंटिडी कुळाचं, म्हणजे प्रॉमिनंट पतंगांचं वेड लागलंय आणि जे सातपुड्याच्या पायथ्याला किंवा चाळीसगावकडे पाटणादेवीच्या बाजूला रात्री जागवणार आहेत, त्यांनी पैसे घालण्याआधी थोडं थांबावं. मी १६० वॅटचा मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा, दिवा वापरलाय आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही, म्हणजे अतिनील, एलईडीही. दोन्ही अजून घरात आहेत. एक पिशवीत असतो, एक माळ्यावर.

या कुळाच्या बाबतीत दिव्याची निवड जरा जास्तच महत्त्वाची, कारण दुसरा मार्ग जवळजवळ नाही. बहुतेक प्रॉमिनंटांची सोंड आखूड किंवा निकामी असते, प्रौढ पतंग खातपीत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे गूळ आणि पिकली केळी कालवून झाडाच्या बुंध्याला फासायची जी युक्ती एरेबिडी या दुसऱ्या कुळातल्या थोराड पतंगांना हमखास खेचते, ती इथं वाया जाते. रावेर-यावलला केळीची काय कमी? तरी उपयोग नाही. दिवसा शोधावं तर फॅलेरा हा याच कुळातला वंश तुमच्यासमोर बसलेला असून दिसत नाही: राखाडी-तपकिरी अंग, पंखाच्या टोकाला फिकट डाग, आणि मोडक्या काडीचं इतकं बेमालूम सोंग की हात लावेपर्यंत खात्री पटत नाही. अळ्या मिळतात, चिंचेवर स्टॉरोपस अल्टर्नसची लांब पायांची, शेपटाकडचा भाग उचलून बसणारी अळी मिळू शकते, पण तो नशिबाचा भाग. राहिला दिवा.

आता पडद्यावर आलेल्या गर्दीत प्रॉमिनंट ओळखायचा कशावरून, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. तरी एक गोष्ट सांगतो, कारण दिव्याचा निकाल मी तिच्यावरच लावतो. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेवर खवल्यांचा झुबका असतो. पंख उतरत्या छपरासारखे मिटले की हा झुबका पाठीवर उभा राहतो. पुढचे केसाळ पाय समोर ताणलेले असतात. क्लोस्टेरा असेल तर पोटाचं टोक वर उचललेलं आणि पंखाच्या टोकाशी चॉकलेटी पट्टा. स्टॉरोपस असेल तर मागचे पंख पुढच्या पंखांच्या कडेबाहेर डोकावतात. नमुना हातात असेल तर भिंगाखाली आणखी दोन गोष्टी दिसतात. पुढच्या पंखातली मधली शीर, म्हणजे एम-टू, वरच्या-खालच्या दोन शिरांच्या साधारण मधोमध निघते. आणि छातीच्या मागच्या भागातला कानाचा पडदा खालच्या दिशेला तोंड करून असतो. फॅलेराच्या जवळच्या जातींत एवढ्यानंही भागत नाही, नराच्या जननेंद्रियांची रचनाच पाहावी लागते. जुन्या लोकांनी हॅम्पसनच्या ब्रिटिश भारतातल्या पतंगांवरच्या १८९२ च्या खंडावरच काम चालवलं. आज त्यातली नावं बरीच बदललीत, वर्णनं मात्र अजून उपयोगी पडतात.

शिरा आणि कान झिजत नाहीत. झुबका झिजतो, डाग झिजतात, पायांचे केस झडतात. म्हणजे पतंग पडद्यावर आला एवढं पुरत नाही, तो धड अवस्थेत यायला हवा आणि तसाच बसायला हवा.

मर्क्युरीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. चोकशिवाय चालणारा ब्लेंडेड दिवा घेतला तर होल्डरमध्ये घातला की काम सुरू. अतिनील, निळा, हिरवा असा सगळा उजेड तो एकदम ओकतो आणि त्याच्याइतकी गर्दी दुसऱ्या कुणी जमवलेली मी पाहिलेली नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर सागाच्या जंगलाजवळ तो लावून बघा. हुमणीचे भुंगेरे, सागाची पानं खाणाऱ्या हिब्लियाचे थवे, कपाशीतल्या बोंडअळीचे पतंग, मोठे हॉकमॉथ, एखादा मून मॉथ. पडदा पांढरा होता हे विसरायला होतं. फोटोत रंगही बरे येतात. आणि शाळेच्या पोरांना किंवा गावातल्या लोकांना पतंग दाखवायचे असतील तर या दिव्यासारखा दिवा नाही.

मात्र ही गर्दीच प्रॉमिनंटच्या मुळावर येते असं माझं मत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाय-स्पीड कॅमेऱ्यानं टिपून दाखवलं, की उडणारे किडे कृत्रिम उजेडाकडे पाठ करायला बघतात आणि त्यामुळे दिव्याभोवती गरगरत अडकतात. झगझगीत मर्क्युरीखाली हे गरगरणं तासतासभर चालतं, त्यात हुमणीचे भुंगेरे खडे मारल्यासारखे पडद्यावर आदळत असतात. त्या धुमाळीत सापडलेला फॅलेरा सकाळी टकला निघतो. मी मोजमाप केलेलं नाही, पण मर्क्युरीखालून उचललेल्या नमुन्यांत झुबका शाबूत असलेले कमी, एवढं माझ्या पेट्यांकडे पाहून सांगू शकतो.

पावसाचा थेंब तापलेल्या काचेवर पडला की बाहेरचा फुगा तडकू शकतो, आणि फुटूनही आतली नळी जळत राहिली तर डोळे-कातडी भाजणारा उजेड बाहेर पडतो, तेव्हा ताबडतोब बटण बंद करावं. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार सर्वसाधारण उजेडासाठीच्या अशा दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० नंतर थांबवायचं ठरलंय, त्यामुळे दुकानात मिळालाच तर जुना माल मिळतो. हे सगळं खरं असलं तरी मी यातल्या कशासाठीही दिवा बदलला नसता. जाळीचं छप्पर करता येतं, जुना माल शोधता येतो.

मला वैताग आणला तो वेगळ्याच गोष्टीनं. तापलेला मर्क्युरी दिवा एकदा विझला की लगेच पेटत नाही. आतल्या नळीतल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब इतका वाढलेला असतो की लाइनचं व्होल्टेज तिच्यातून पुन्हा ठिणगी काढू शकत नाही. नळी निवेपर्यंत पाच-दहा मिनिटं वाट पाहायची. मग तो गुलाबी, मरगळलेला उजेड देत उठतो आणि पूर्ण पांढरा व्हायला आणखी काही मिनिटं घेतो. शहरात हे लक्षातही येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला येतं. शिरपूरच्या वर आम्ही ज्या शेतात पडदा लावतो, तिथं वीज आहे, घरही आहे. पण पावसानं ओढ दिली की शेतीची थ्री फेज रात्रीच्या पाळीला येते. आली की आसपासच्या सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात, व्होल्टेज क्षणभर बसतं, आणि घरातला बल्ब नुसता डोळा मिचकावतो तिथं आपला मर्क्युरी मात्र ठार होतो.

वेळही नेमकी तीच. माझ्या पाहण्यात प्रॉमिनंट संध्याकाळच्या गर्दीत कमी आणि मध्यरात्रीनंतर जास्त येतात. भुंगेऱ्यांचा भर ओसरतो, हॉकमॉथ येऊन जातात, आणि मग कुठंतरी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक काडी बसलेली दिसते. त्याच तासात दिवा जातो. अंधारात पडद्यावरचं निम्मं उडून जातं. दिवा परत उठेपर्यंत आपण बॅटरीच्या उजेडात गवत चाचपत बसतो, आणि तो पूर्ण उजळतो न उजळतो तोच दुसरी मोटार सुरू. शेतमालक नानांना एकदा भीत भीत विचारलं तर ते म्हणाले, "कपाशीले पानी देनं शे भाऊ, तुना दिवासाठे मोटर बंद ठेवू का?" बरोबरच होतं त्यांचं.

स्टॅबिलायझरनं थोडं भागतं, पण तो जड असतो आणि लाइन पूर्ण गेली तर त्याचाही इलाज नाही. छोटा पेट्रोल जनरेटर हा बऱ्याच जणांचा उपाय. आवाज, वास चालत असेल आणि तोरणमाळच्या पायवाटेवर तो वाहून नेणारे दोन जोडीदार असतील तर जरूर घ्या. मात्र त्यात पेट्रोल भरायला तो बंद केला की परत तेच: दिवा निवण्याची वाट.

यूव्ही एलईडीकडे मी आलो तो यामुळे. विझला, लावला, पेटला. बस. पॉवर बँकची केबल हलली तरी क्षणात परत. दहा वॅटचा दिवा २०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर (म्हणजे साधारण ७४ वॅट-तास) सहा तासांच्या आसपास चालतो, दोन बँक असल्या की उजाडेपर्यंत चिंता नाही. लाइन नको, नानांची मोटार नको, यावल अभयारण्यातल्या लंगडा आंबा गावाकडच्या अंजनाच्या जंगलालगतही बसता येतं. (अभयारण्याच्या हद्दीत दिवा लावायचा किंवा नमुना उचलायचा तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी, यात चालढकल नको.)

त्याच्या उणिवा लपवत नाही. पतंग कमी येतात, स्पष्टच कमी. मोठे हॉकमॉथ तर मला एलईडीवर फार क्वचित मिळाले. ज्याला रात्रीची यादी लांबलचक हवी, तो पहिल्याच रात्री हिरमुसेल. दुसरं म्हणजे फोटो. अतिनील उजेडात सगळं जांभळं दिसतं, क्लोस्टेराचा चॉकलेटी पट्टा आणि आजूबाजूची राख यांतला फरक कळत नाही. पांढरा फ्लॅश किंवा चांगला टॉर्च हवाच. तिसरं, ३६५ चा उजेड डोळ्यांना मंद वाटतो म्हणून माणूस त्याच्याकडे टक लावून बसतो, ते करू नये, यूव्ही रोखणारा चष्मा घालावा. आणि प्रॉमिनंट या मंद दिव्याशी बऱ्याचदा पडद्यावर न बसता आसपासच्या गवतावर, दगडावर उतरतात. दर अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन चार-पाच पावलांचा फेरा मारावा लागतो. आळशी माणसाचं काम नाही.

पण जे येतात ते येऊन बसतात. फडफड कमी, भुंगेऱ्यांची रेटारेटी कमी. काचेची छोटी डबी हळूच वरून ठेवली तरी पतंग हलत नाही. एथिल ॲसिटेटच्या बरणीत जाईपर्यंत झुबका जसाच्या तसा. संग्रह करणाऱ्याला रात्रीला धड असा एक स्टॉरोपस मिळाला तर त्याच्यापुढं हिब्लियाचे शंभर पतंग काय कामाचे? नुसते फोटो काढणाऱ्यांनाही हाच फायदा, कारण झुबका उभा असलेल्या फोटोवरून निदान वंशापर्यंत तरी जाता येतं.

पैसे हात सैल सोडून खर्च करणार असाल तर तिसराही पर्याय आहे. येना विद्यापीठातले गुन्नार ब्रेम यांनी २०१७ मध्ये मांडलेला लेपीएलईडी. त्यात अतिनीलबरोबर निळे आणि हिरवे एलईडीही असतात, आणि तो पॉवर बँकवरच चालतो. घरी बनवलेल्या नुसत्या ३६५ च्या दिव्यापेक्षा तो जास्त पतंग आणेल असं समजायला जागा आहे. शेजारी शेजारी लावून पाहायला मिळाला तर मला कळवा. बारा व्होल्टच्या बॅटरीवरची ब्लॅकलाइट ट्यूब हा जुना मधला मार्ग, चालतो, पण प्रवासात फुटते.

मर्क्युरी कुणी घ्यावा? ज्याच्या घराच्या गच्चीवर रात्रभर सरळ वीज असते, ज्याला शाळा-कॉलेजच्या पोरांना जमवून पतंग दाखवायचेत, किंवा ज्याचं काम एका ठिकाणच्या सगळ्या पतंगांची यादी करायचं आहे, त्यानं घ्यावा, मी अडवणार नाही. नोटोडोंटिडीच हव्या असतील आणि मुक्काम खानदेशातल्या शेतशिवारात असेल तर, माझ्या मते तरी, एलईडी. पहिल्या वर्षी पोळ्याच्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री धराव्यात. चंद्र नसतो, हवा दमट आणि उबदार असते, आणि जूनमधल्या भुंगेऱ्यांचा त्रास तोवर उतरलेला असतो.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. एक, काही पॉवर बँक कमी करंट घेणारा दिवा जोडला की आपोआप बंद पडतात. दुकानातच अर्धा तास लावून ठेवा. दोन, यूव्ही म्हणून स्वस्तात मिळणारे बरेच दिवे ३९५ नॅनोमीटरचे असतात. चिप तापते, तेव्हा मागे ॲल्युमिनियमची पट्टी आहे का तेही पाहा. लावल्यावर भडक जांभळा उजेड पडला तर तो बहुधा ३९५ चाच, परत ठेवा आणि ३६५ मागा.